पेलाचा ट्यूलिप उत्सव : आई-वडिलांना घेऊन जावे का, आणि काय पाहावे?

प्रश्न : अंकेनीकर

नमस्कार. एप्रिलच्या मध्यावर माझे आई-वडील साताऱ्याहून आमच्याकडे आयोवा राज्यातील अंकेनी येथे काही महिने राहायला येत आहेत. येथून मोटारीने तासाभराच्या अंतरावर पेला नावाचे सुमारे दहा हजार वस्तीचे गाव आहे आणि तेथे दर वर्षी मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, शुक्रवारी व शनिवारी ‘ट्यूलिप टाइम’ हा डच वारशाचा पुष्पोत्सव भरतो. आम्ही या भागात नव्यानेच राहायला आलो असल्यामुळे हा उत्सव आम्ही अजून पाहिलेला नाही. कार्यालयातील सहकारी त्याची मनापासून प्रशंसा करतात, परंतु त्यांचे वर्णन गर्दी, खाद्यपदार्थ आणि छायाचित्रे यांपाशी थांबते.

आईने आयुष्यभर अंगणात गुलाब, निशिगंध आणि शेवंती जोपासली आहे. ट्यूलिप मात्र तिने केवळ चित्रांतच पाहिले आहेत. तिला फुले जवळून आणि निवांतपणे पाहायची आहेत, पण गुडघ्यांच्या दुखण्यामुळे तिला फार वेळ चालणे किंवा उभे राहणे जमत नाही. वडील माध्यमिक शाळेत इतिहास शिकवत असत. उत्सवाविषयी सांगताच त्यांनी विचारले की, समुद्रापासून इतक्या दूर, अमेरिकेच्या ऐन मध्यभागी डच लोक आले कशासाठी, आणि पावणेदोनशे वर्षांनंतरही त्यांची पतवंडे लाकडी बूट घालून रस्त्यावर का नाचतात. ही खरी परंपरा आहे की पाहुण्यांसाठी मांडलेला देखावा?

तेव्हा तीन दिवसांपैकी कोणता दिवस निवडावा, त्या दिवशी फुले उमललेली असण्याची कितपत शाश्वती असते, आणि वडिलांसारख्या माणसाला देखाव्यापलीकडे काही पाहता येईल का, याविषयी जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर : पेलाची शेजारीण

अवश्य घेऊन जा. आम्ही पेलापासून जवळच राहतो आणि माझी मुले तेथील शाळेतल्या मैत्रिणींमुळे या उत्सवाशी लहानपणापासून जोडली गेली आहेत, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते.

सर्वप्रथम एक गोष्ट मनाशी ठरवून घ्या : हा उत्सव फुलांच्या नावाचा असला, तरी तो उभा आहे गावातल्या माणसांच्या कष्टांवर. याला पुरावा हवा असेल, तर त्याच्या पहिल्या वर्षाकडे पाहावे. १९३५ साली पेलाच्या शाळेतील विद्यार्थ्यांनी ‘ट्यूलिप टाइम इन पेला’ नावाची संगीतिका सादर केली आणि ती पाहून व्यापारी मंडळींच्या मनात आले की, रंगमंचावर जे दाखवले ते गावात प्रत्यक्ष का घडवू नये. परंतु ट्यूलिपचे कंद हिवाळ्यापूर्वी जमिनीत लावावे लागतात आणि तोवर वसंत ऋतू येऊन ठेपला होता. तेव्हा गावातल्या सुताराकडून चार-चार फूट उंचीची लाकडी ट्यूलिप करवून घेऊन ती रस्त्यांवर उभी करण्यात आली, आणि एकाही खऱ्या वाफ्याशिवाय पहिला उत्सव पार पडला. त्यानंतर हॉलंडहून कंद मागवले गेले आणि गावाच्या इतिहासाची जपणूक करणारी संस्थाही त्याच सुमारास स्थापन झाली. ती संस्था आजही हा उत्सव भरवते.

आता वडिलांच्या पहिल्या प्रश्नाविषयी. हॉलंडमधील शासनमान्य चर्चपासून १८३४ साली काही धर्मोपदेशक आणि त्यांचे अनुयायी वेगळे झाले. हेन्ड्रिक पीटर स्कॉल्टे हे त्यांतील एक प्रमुख. वीसांहून अधिक माणसांनी परवानगीवाचून एकत्र जमू नये, असा नेपोलियनच्या काळातला एक कायदा तेथे शिल्लक होता आणि तोच या मंडळींच्या प्रार्थनासभांवर चालवण्यात आला. दंड झाले, घरांत सैनिक आणून बसवले गेले, स्वतः स्कॉल्टे यांना तुरुंगवास घडला. पुढे राजसत्तेचा हात सैल झाला खरा, परंतु १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडून गोरगरिबांचे अन्नच गेले. अखेर १८४७ च्या वसंतात सुमारे ८०० माणसे जहाजांनी अटलांटिक ओलांडून बाल्टिमोरला उतरली, तेथून लोहमार्गाने, कालव्यांतून आणि नदीतून सेंट लुईसला पोहोचली, आणि ऑगस्ट महिन्यात त्यांतील पहिली तुकडी आयोवाच्या गवताळ पठारावर येऊन थांबली. जेरुसलेमचा पाडाव झाला तेव्हा ख्रिस्ती लोकांनी जॉर्डन नदीपलीकडच्या ज्या नगरात आश्रय घेतला, त्याचे नाव पेला. स्कॉल्टे यांनी तेच नाव या वस्तीला दिले. पहिला हिवाळा कित्येक कुटुंबांनी जमीन खणून, वर गवताचे छप्पर घालून केलेल्या खोपटांत काढला. स्कॉल्टे यांचे घर चौकाच्या उत्तरेला आजही उभे आहे आणि आतून पाहता येते. त्यांच्या पत्नी मरिया यांनी सोबत आणलेली निळी-पांढरी डेल्फ्टची भांडी प्रवासात फुटली आणि त्यांचे तुकडे बागेतल्या पायवाटेवर घालण्यात आले, अशी हकिगत तेथे सांगितली जाते. तुमच्या वडिलांना मी सर्वप्रथम त्या घरात नेईन, मिरवणुकीला नंतर.

त्याखेरीज गावाचे ऐतिहासिक संग्रहालय म्हणजे जुन्या इमारतींचा एक छोटा मोहल्लाच आहे. पश्चिमेकडील राज्यांतला प्रसिद्ध कायदारक्षक वायट अर्प याचे बालपण ज्या घरात गेले, ते घरही त्याच आवारात आहे. आवाराच्या प्रवेशापाशी १२४ फूट उंचीची पवनचक्की आहे. ती २००२ मध्ये उभारली गेली, परंतु तिचे भाग नेदरलँड्समध्ये घडवून येथे आणले गेले आणि रचना १८५० च्या सुमारच्या धान्यचक्कीची आहे. तिच्यात खरोखरीचे गहू दळले जातात. जिने मात्र बरेच आहेत. आईंना खालच्या मजल्यावर बसवून तुम्ही व वडील वर जा.

दिवसाविषयी माझे मत स्पष्ट आहे : गुरुवार निवडा. शनिवारी बाहेरगावचे लोक प्रचंड संख्येने येतात आणि मोटार फार लांब उभी करावी लागते. गुरुवारी तेच कार्यक्रम, त्याच मिरवणुका पाहायला मिळतात आणि मुलांचा उत्साहही ताजा असतो. मिरवणूक दररोज दोनदा निघते, एकदा दुपारी आणि एकदा अंधार पडल्यावर दिव्यांनी उजळलेली. चौकाच्या आसपासचे रस्ते वाहनांना बंद असतात, म्हणून सकाळी साडेनऊच्या आत पोहोचावे, आईंना चौकाजवळ उतरवून मग मोटार लावायला जावे, आणि चाकांची खुर्ची घरी असेल तर ती संकोच न करता न्यावी. गावातले लोक मिरवणुकीच्या मार्गावर घडीच्या खुर्च्या आधीच मांडून ठेवतात. तुम्हीही तसेच करू शकता. तिकीट काढून बसण्याच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या बैठका असतात, परंतु गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्या चढण्यापेक्षा रस्त्याच्या कडेची स्वतःची खुर्ची अधिक सुखाची.

दुपारच्या मिरवणुकीच्या आधीचा रस्ते धुण्याचा कार्यक्रम चुकवू नका. जुन्या डच पोशाखातील नगराध्यक्ष आपल्या मंडळासह रस्त्याची पाहणी करतात, रस्ता अस्वच्छ असल्याचा निर्वाळा देतात आणि मग खांद्यावरच्या जोखडाला बादल्या अडकवलेली माणसे पाणी ओतत येतात, त्यांच्यामागून बायका-मुली लांब दांड्याच्या झाडूंनी डांबरी रस्ता घासत जातात. त्यांत शाळेचे शिक्षक असतात, कारखान्यातले कामगार असतात, आजी असते आणि तिची नातही असते. त्यांचे पोशाख विकत आणलेले नसतात. बहुतेक घरी शिवलेले असतात, प्रांताप्रांताच्या टोप्या, झालरी आणि एप्रन यांची नक्कल जुन्या नमुन्यांवरून काटेकोरपणे केलेली असते, आणि मूल मोठे झाले की तो पोशाख धाकट्या भावंडाकडे किंवा शेजारच्या घरी जातो. लाकडी बुटांच्या आत जाड मोज्यांचे दोन-तीन थर घालावे लागतात, नाहीतर नाचताना पायाला फोड येतात. मार्च महिन्यापासून शाळेच्या व्यायामशाळेत त्या बुटांचा खडखडाट सुरू होतो.

उत्तर : बागप्रेमी, पुणे

मी उद्यानविद्येचा विद्यार्थी असल्यामुळे फुलांच्या शाश्वतीविषयीच लिहितो, कारण तो भाग आपल्याकडच्या बागकामाच्या अनुभवावरून नीट समजत नाही.

आपल्या आईंनी निशिगंधाचे कंद लावले आहेत. त्या कंदाला ऊब आणि पाणी मिळाले की तो वाढतो. ट्यूलिपचे मूळ स्थान मध्य आशियातील डोंगराळ प्रदेश, आणि तेथील कडक हिवाळा त्याच्या स्वभावातच उतरला आहे. कंदाच्या आत फुलाची कळी उन्हाळ्यातच तयार होते, परंतु तिचा देठ लांब होऊन ती जमिनीबाहेर यावी यासाठी कंदाला साधारणपणे १२ ते १६ आठवडे थंडी मिळावी लागते. ही थंडी मिळाली नाही, तर पाने येतात आणि फूल एकतर येत नाही किंवा पानांतच आखूड देठावर अडकून बसते. याच कारणामुळे पुण्यात कुंडीत ट्यूलिप लावणाऱ्यांना शीतगृहात ठेवलेले कंद आणावे लागतात आणि ते एकदाच फुलतात. आयोवामध्ये कंद शरद ऋतूत, जमीन गोठण्यापूर्वी, वीतभर खोलीवर लावले जातात आणि पुढील काम हिवाळा करतो.

थंडीची खात्री तेथे असतेच. अनिश्चितता असते ती वसंताची. एप्रिलमध्ये ऊन लवकर तापले, तर फुले उत्सवाच्या आधीच उमलून पाकळ्या गाळू लागतात. वसंत रेंगाळला, तर मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी वाफ्यांत हिरव्या कळ्याच दिसतात. तारीख मात्र आधीच ठरलेली असते. म्हणून अशा गावांतील माळी एकाच जातीवर विसंबत नाहीत. लवकर फुलणाऱ्या, मधल्या आणि उशिरा फुलणाऱ्या जातींची लागवड मिसळून करतात, जेणेकरून कोणत्याही वर्षी काही वाफे तरी भरात असावेत. ट्रायम्फ आणि डार्विन संकर या गटांतील फुले साधारणपणे मधल्या काळात येतात, आणि पोपटाच्या पिसांसारख्या कातरलेल्या पाकळ्यांची फुले बहुधा उशिरा. आईंना सांगा की, केवळ लाल-पिवळ्या रंगांचे पट्टे न पाहता एकेका वाफ्यातील पाकळ्यांची ठेवण पाहावी. फरक ताबडतोब लक्षात येईल.

आणखी एक व्यवहारातली सूचना. ट्यूलिपच्या पाकळ्या उष्णतेनुसार उघडतात आणि मिटतात, कारण ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि गारवा आला की उलट घडते. सकाळी आठ वाजता किंवा ढगाळ हवेत गेल्यास सर्व फुले मिटलेली दिसतील. सकाळी अकरा ते दुपारी तीन या वेळेत ऊन असेल, तर ती पेल्यासारखी उघडलेली असतात आणि तळाशी काळा किंवा पिवळा डाग व त्यावरचे गडद परागकोश स्पष्ट दिसतात. बागकाम जाणणाऱ्या माणसाला फुलाचा हा भागच खरा आनंद देतो.

भारतात हे फूल पाहायचे असेल तर श्रीनगरला जावे लागते. दाल सरोवराच्या काठी, झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ साली खुले झालेले इंदिरा गांधी स्मृती ट्यूलिप उद्यान सुमारे ३० हेक्टरांवर पसरले आहे आणि तेथे मार्चअखेर ते एप्रिल असा अल्प बहर असतो. पुष्पसंख्येच्या दृष्टीने पेलाची त्याच्याशी तुलना करू नये. तिकडे उद्यान आहे, इकडे गाव आहे.

उत्तर : लायडनवासी

मी गेली अनेक वर्षे नेदरलँड्समध्ये राहतो आणि नोकरीनिमित्त अमेरिकेत असताना पेलाला गेलो होतो, म्हणून तुमच्या वडिलांच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी, म्हणजे परंपरा की देखावा याविषयी, माझे मत मांडतो.

येथील माझ्या डच सहकाऱ्यांना पेलाची छायाचित्रे दाखवली, तेव्हा त्यांना त्यांत आपला देश ओळखू आला नाही. झालरींच्या टोप्या आणि लाकडी बूट आता येथे रोजच्या जीवनात जवळपास नाहीत. स्टापहोर्स्टसारख्या एखाद्या गावी काही वृद्ध स्त्रिया जुना पोशाख घालतात आणि फोलेनदामला तो प्रवाशांच्या छायाचित्रांसाठी मिळतो. येथील फुलांचा हंगामही वेगळ्या धाटणीचा आहे. लिसे येथील कॉकेनहॉफ हे १९५० पासून लोकांसाठी खुले असलेले ३२ हेक्टरांचे उद्यान दर वर्षी मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडे असते, तेथे सुमारे ७० लाख कंद लावले जातात, आणि ते मुळात कंद-उत्पादकांचे प्रदर्शन आहे. त्या भागातल्या शेतांत तर फुले उमलल्यानंतर यंत्राने त्यांची डोकी छाटून टाकतात, कारण शेतकऱ्याला विकायचा असतो तो कंद, फूल नव्हे. एप्रिलमध्ये नोर्डवेकहून हार्लेमपर्यंत फुलांनी मढवलेल्या रथांची मिरवणूक निघते, पण तिच्यात कोणी रस्ता धूत नाही.

तेव्हा पेला हे हॉलंडचे प्रतिबिंब आहे, असे समजून गेल्यास निराशा होईल. ते आयोवाचे गाव आहे आणि त्याने स्वतःची परंपरा घडवली आहे. चौकातील दुकानांचे डच धाटणीचे दर्शनी भाग पाहताना हे ध्यानात ठेवावे की, त्यांतील पुष्कळ इमारती मुळात साध्या अमेरिकन विटांच्या होत्या. मध्यवर्ती भागातील बांधकामाचा चेहरा डच असावा, हा नियम गावाने जाणीवपूर्वक नंतर केला. कालवा नव्याने खणलेला आहे. १४७ घंटांचे वाद्यघड्याळ आणि त्यातून ठरावीक वेळी बाहेर येणाऱ्या बाहुल्या, हेही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले.

पण यावरून हे सारे खोटे ठरत नाही, आणि येथेच मला तुमच्या वडिलांशी बोलायला आवडले असते. पहिल्या महायुद्धाच्या काळात, मे १९१८ मध्ये, आयोवाचे राज्यपाल विल्यम हार्डिंग यांनी एक फर्मान काढले की, शाळा, सार्वजनिक ठिकाणे, आगगाड्या, दूरध्वनी आणि प्रार्थनास्थळे यांत इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा बोलता कामा नये. रोख जर्मन भाषेवर होता, परंतु डच, नॉर्वेजियन, डॅनिश, चेक अशा सर्वच भाषा त्यात भरडल्या गेल्या. ज्यांनी प्रार्थना करण्याच्या स्वातंत्र्यासाठी समुद्र ओलांडला, त्यांच्या नातवंडांना आपल्या भाषेत प्रार्थना करण्याची मनाई झाली. फर्मान त्याच वर्षाअखेर मागे घेतले गेले, पण भाषेची पीछेहाट त्यानंतर थांबली नाही. आणि अवघ्या १७ वर्षांनी, मंदीच्या ऐन काळात, तेच गाव डच पोशाख घालून भर रस्त्यात उभे राहते. या दोन घटना शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे १९३५ सालच्या त्या लाकडी फुलांकडे केवळ व्यापाऱ्यांची युक्ती म्हणून पाहवत नाही. भाषा घरातून निघून जात असताना जे हाताने करता येते, पायाने नाचता येते आणि चुलीवर शिजवता येते, ते लोकांनी धरून ठेवले. मॉरिशसमधील मराठी कुटुंबांनी झाकरी हे लोकनृत्य आणि गणेशोत्सव ज्या निष्ठेने जपले, ती निष्ठा याच जातीची आहे असे मी मानतो.

पुन्हा प्रश्न : अंकेनीकर

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. हा धागा मी वडिलांना वाचायला पाठवला असून १९१८ च्या फर्मानाविषयी वाचून त्यांनी लगेच दूरध्वनी केला. गुरुवार आम्ही निश्चित केला आहे.

एक अडचण मांडायची राहिली. आई अंडेही खात नाही. दिवसभर तेथे राहायचे तर तिच्या खाण्याचे काय करावे? शिवाय रात्रीची मिरवणूक पाहून परतायला उशीर होईल. वयस्क माणसांना तोवर थांबवणे योग्य ठरेल का?

उत्तर : पेलाची शेजारीण

खाण्याचे आधीच ठरवून जाणे उत्तम, कारण तेथील बहुतेक डच गोड पदार्थांत अंडे असते. पॉफर्ट्येस म्हणजे आप्पेपात्रासारख्या खळग्यांच्या तव्यावर केलेले छोटे, फुगलेले गोळे, वर लोणी आणि पिठीसाखर. त्यांच्या पिठात अंडे असते. दोन पातळ वेफरांमध्ये पाकाचा थर असलेल्या स्ट्रोपवाफलमध्येही ते असू शकते. पेलाची ओळख बनलेला ‘डच लेटर’, म्हणजे इंग्रजी एस अक्षराच्या आकाराचा, खुसखुशीत पदरांचा आणि आत बदामाचे सारण भरलेला पदार्थ, हाही अंड्याविना नसतो. तुम्ही आणि वडील खात असाल तर तो चुकवू नका. चौकातली यार्स्मा बेकरी १८९८ पासून सुरू आहे आणि उत्सवाच्या दिवशी तिच्यापुढची रांग वळणापलीकडे जाते, म्हणून सकाळी पोहोचल्याबरोबर तेथे जावे. ‘पेला बोलोन्या’ नावाने जे विकले जाते ते मांस आहे, हे आईंना आधीच सांगून ठेवा, नाव वाचून काही समजत नाही. चीज घेताना ते वासराच्या पोटातील विरजणापासून केलेले नाही ना, हे विचारावे. पारंपरिक गौडा तसेच असते. आईंसाठी घरून दशम्या, दाण्याची चटणी आणि दही घेऊन जावे. चौकातील बागेत झाडांखाली बसून खाता येते, त्याला कोणाची हरकत नसते.

फुले पाहण्यासाठी आईंना चौकापासून थोड्या अंतरावरच्या सखल बागेत न्या. ती आजूबाजूच्या जमिनीपेक्षा खोलगट आहे, तिच्यातल्या तळ्याचा आकार लाकडी बुटासारखा आहे आणि काठाने वाफे आहेत. गर्दी मिरवणुकीच्या मार्गावर गोळा झालेली असते, त्यामुळे दुपारी साडेबाराच्या सुमारास तेथे बऱ्यापैकी शांतता मिळते. वर बागप्रेमींनी सांगितलेली उन्हाची वेळही तीच.

रात्रीच्या मिरवणुकीविषयी : आयोवातील मे महिन्याच्या संध्याकाळी वारा बोचरा असतो. साताऱ्याहून आलेल्या माणसांना स्वेटर, कानटोपी आणि गुडघ्यांवर घ्यायला शाल लागेलच. माझा सल्ला असा की, स्कॉल्टे यांच्या घरी तासभर घालवून, दुपारची मिरवणूक पाहून, आई थकल्या असतील तर परत निघावे. दिव्यांची मिरवणूक सुंदर असते, पण रस्ते धुणे आणि मुलांचे नाच हे दिवसाच्या उजेडात अधिक चांगले दिसतात. पाऊस आला तरी सारे लगेच थांबत नाही; भिजलेल्या टोप्यांनी मुले नाचत राहतात. विजा चमकू लागल्या तर मात्र कार्यक्रम थांबवतात, म्हणून आदल्या रात्री हवामान पाहूनच निघा आणि गरज पडली तर शुक्रवार हाताशी ठेवा.

उत्तर : जुने नकाशे

इतिहासाच्या शिक्षकांसाठी एक भर घालतो. १८४७ मध्ये स्कॉल्टे यांच्या मंडळींना मिळालेली ही जमीन रिकामी नव्हती. १८४२ च्या तहान्वये सॉक आणि मेस्क्वाकी या मूळनिवासी लोकांकडून मध्य आयोवाचा मोठा प्रदेश अमेरिकन सरकारने घेतला आणि त्यांनी तो टप्प्याटप्प्याने सोडावा असे ठरले. नव्या वसाहतकऱ्यांसाठीची तात्पुरती सीमा रेड रॉक नावाच्या तांबड्या खडकांपाशी होती आणि तिच्या पश्चिमेची जमीन ऑक्टोबर १८४५ मध्ये वसाहतीसाठी खुली झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी डच मंडळी येथे पोहोचली. ते खडक पेलाच्या नैऋत्येला अगदी जवळ, डेमॉइन नदीच्या काठी आहेत. नदीवर धरण बांधल्यामुळे तेथे आता आयोवातील सर्वांत मोठा जलाशय, रेड रॉक सरोवर, आहे. मेस्क्वाकी लोकांपैकी काहींनी पुढे १८५७ मध्ये टामा परगण्यात स्वतः पैसे मोजून जमीन विकत घेतली आणि त्यांची वसाहत आजही तेथे नांदते आहे. आश्रयासाठी आलेल्या लोकांची गोष्ट आणि आश्रय गमावलेल्या लोकांची गोष्ट एकाच नदीकाठची आहे. वडिलांना धरणाच्या बाजूने घरी आणलेत, तर वाटेत बोलायला विषय मिळेल. धरणाजवळ मोटारीतूनच पाणी दिसते, त्यामुळे आईंनाही चालावे लागणार नाही.

उत्तर : लायडनवासी

वरची माहिती महत्त्वाची आहे, ती दिल्याबद्दल आभार.

अंकेनीकर, कोणत्याही कारणाने पहिला आठवडा हुकला, तर आयोवाच्या वायव्य कोपऱ्यातील ऑरेंज सिटीचा विचार करावा. पेलातील जमीन महाग होऊ लागल्यावर हेन्री हॉस्पर्स यांच्या पुढाकाराने तेथून निघालेल्या कुटुंबांनी १८७० मध्ये ती वस्ती उभारली आणि त्यांचा ट्यूलिप उत्सव १९३६ पासून, पेलानंतर सुमारे दोन आठवड्यांनी, मे महिन्याच्या मध्यानंतर भरतो. तुमच्याकडून अंतर मात्र मोटारीने साडेतीन तासांच्या आसपास आहे. मिशिगन राज्यातील हॉलंड या शहराचा उत्सव त्याहून मोठा व जुना आहे. तेथील जीवशास्त्राच्या शिक्षिका लिडा रॉजर्स यांनी १९२७ मध्ये ती कल्पना मांडली, नगरपालिकेने पुढच्या वर्षी एक लाख कंद आणले आणि १९२९ च्या वसंतात पहिली फुले लोकांनी पाहिली. तेथे ‘दे झ्वान’ नावाची खरी जुनी डच पवनचक्की आहे, ती १९६४ मध्ये नेदरलँड्समधून आणली गेली. पण आई-वडिलांना घेऊन इतका दूरचा प्रवास करण्यापेक्षा पेलाच बरे.

अंकेनीकर

ठरले. गुरुवारी सकाळी साडेआठला निघतो. पहिल्यांदा बेकरी, मग स्कॉल्टे यांचे घर, दुपारी सखल बाग आणि त्यानंतर रस्ते धुण्यापासून पुढची मिरवणूक. परत येताना रेड रॉकच्या धरणावरून येऊ. वडिलांनी वहीत प्रश्न उतरवायला सुरुवात केली आहे आणि त्यांतले काही पेलाच्या लोकांनाच विचारायचे आहेत, तेव्हा पेलाची शेजारीण यांना विनंती की, स्कॉल्टे यांच्या घरात माहिती सांगणारी मंडळी शांतपणे बोलायला वेळ देतील अशी वेळ कोणती, तेवढे कळवावे.

पेलाची शेजारीण

सकाळी दार उघडल्याबरोबर जा. तेथे माहिती सांगणारे बहुतेक जण गावातले निवृत्त लोक असतात आणि त्यांतल्या काहींचे पूर्वज त्या १८४७ च्या जहाजांवरच होते. वडिलांची वही पाहिली की ते स्वतःच खुर्ची पुढे करतील. दुपारी मिरवणुकीच्या आधी मात्र त्यांनाही पोशाख सावरून रस्त्यावर जायचे असते, म्हणून अकराच्या आत प्रश्न विचारून घ्यावेत.